न उघडायची बरणी

जनू,

तुझ्या तेराव्याला तुझ्या बायकोने, आमच्या सुमनवहिनींनी, माझ्या हातात एक बोटाएवढी बाटली ठेवली. बूच घट्ट बसवलेलं, वर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. "तुमच्यासाठी ठेवलीय," एवढंच म्हणाल्या आणि वाढायला आत गेल्या. मी चिठ्ठी वाचली, बाटली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पंगतीला बसलो. दोन लाडू खाल्ले. शेजारच्याला एक किस्सा सांगितला, तो ठसका लागेपर्यंत हसला. बाटली छातीपाशी होती. तिला वजन असं नव्हतंच, तरी मी वाकून आमटी घेऊ शकलो नाही.

चिठ्ठीवर काय होतं ते शेवटी सांगतो. तू म्हणायचास, "भाल्या, तुझ्या गोष्टीत शेपूट आधी दिसत नाही, म्हणून वाघ आहे की मांजर हे कळत नाही." या वेळी वाघ आहे, जनू. आणि तो माझ्याकडे तोंड करून बसलाय.

तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझे निबंध, हे सगळं शोकसभेत तुझ्या संस्थेच्या साहेबांनी वाचून दाखवलं. काचरूप घेणारे द्रव आणि आयनी द्रव यांवर तुझं काम होतं, असं ते म्हणाले. मागच्या बाकावरून पास्कूने मला कोपर मारलं. पास्कू म्हणजे आपल्या नाटकमंडळाचा कायमचा प्रधान. चर्चमागच्या वाडीतला हा बाबा वीस वर्षं तुझ्या ओसरीवर चहा पीत आला, आणि विचारतो काय, "म्हंजे करायचा काय रे तो?"

"मीठ वितळवायचा."

"पान्यात?"

"नाही. पाण्याशिवाय. नुसत्या आचेवर."

"मग बरोबर," पास्कू म्हणाला. "त्याला सोपं काम कधी जमलंच नाय." आणि रुमालात तोंड घालून रडायला लागला.

मला मात्र तू नीट समजावलं होतंस. फोटोवाल्याकडून हायपो, फोटो धुवायचं ते मीठ, आणलास, नळीत घालून गरम केलास, त्याचं पाणी झालं. मग नळी खिडकीत निवायला ठेवून आपण कॅरमचे दोन डाव खेळलो. नळी हाताला गार लागत होती, तरी आतलं तसंच स्वच्छ, पातळ. "हे कधीच घट्ट व्हायला हवं होतं," तू म्हणालास. "झालेलं नाही. कुणी आठवण करून दिली नाही ना त्याला." आणि चिमटीतून हायपोचा एक कण आत सोडलास. मी आयुष्यात पुष्कळ पडदे वर जाताना पाहिलेत, पण तसा एकही नाही. त्या कणातून पांढरे काटे फुटले, सर्रकन तळापर्यंत गेले, आणि नळी माझ्या हातात आपोआप तापली. मी ओरडलो, "वन्स मोअर!" तुझी आई, आमची कमळाकाकी, हातातली पळी घेऊन धावत बाहेर आली. सगळे हसले. तू नाही हसलास.

"किती शांत होतं बघितलंस?" तू म्हणालास. "बाहेरून काहीसुद्धा कळत नाही."

तुझे खरे नमुने त्याच्या पुढचे. दोन क्षार एकत्र वितळवायचे आणि इतक्या झटक्यात थंड करायचे की त्यांना स्फटिक व्हायला सवडच मिळू नये. जिथे होते तिथे ते थिजतात. तीच तुझी काच, मिठाची काच. "ही थांबलीय, पण संपलेली नाही," तू सांगायचास. "आतल्या आत हलत असते. वर्षानुवर्षं. हळूहळू स्वतःला आवरत जाते. ते मला मोजायचंय." त्यासाठी तुला कुणाचा हात लागणार नाही अशी जागा हवी होती. मुंबईत तुझ्या संस्थेत दर सहा महिन्यांनी कपाटं हलत. म्हणून तू आपल्या गावी, वटारच्या घरातली केळी पिकवायची खोली वडिलांकडून मागून घेतलीस. जाड भिंती, खिडकी नाही, बाहेर वैशाख असो की पौष, आत तोच गारवा. घड गेले तरी वास गेला नव्हता. त्या गोड, जुन्या वासात तुझ्या काचेच्या बरण्या मांडलेल्या. मला त्या खोलीत कधी मोठ्याने बोलणं जमलं नाही. माझ्यासारख्याला, म्हणजे बघ.

आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात भाजलेला पापड तासाभरात मऊ पडतो. आणि तुझी काच पापडाहून नाजूक. हवेतली ओल पिते, आणि एकदा प्यायली की बिघडली. म्हणून त्या जाड काचेच्या झाकणाच्या बरण्या. मध्ये जाळी, जाळीवर नमुने, आणि जाळीखाली ते निळे मणी. कोरडे असले की मोरपिशी निळे, ओल प्यायले की गुलाबी. तव्यावर भाजले की ओल सोडून पुन्हा निळे. मणी निळे, म्हणजे बरणी कोरडी. तुझा त्यांच्यावर किती विश्वास होता!

भाजायचं काम काकीने आपणहून घेतलं. काकीला कोरडं म्हणजे काय हे शिकवायची गरज नव्हती. अर्नाळ्यापासून गासपर्यंत तिच्या सुकेळ्यांना नाव होतं. राजेळी केळी सोलून थंडीच्या उन्हात मांडायची, दव पडायच्या आत उचलायची, अंगठ्याने हलकेच दाबून सांगायची, "आजून येक ऊन." आणि ते एक ऊन दिलं की सुकेळं असं व्हायचं की वाळक्या पानात बांधलं तर वर्षभर बुरशी यायची नाही. बायका आपापली केळी घेऊन तिच्याकडे यायच्या, नुसता अंगठा लावून घ्यायला. तुझे मणी पाहून ती म्हणाली होती, "त्यात काय हाय? सुकेळंच ते." जुना तवा, मंद जाळ, आणि दर शनिवारी काकी तुझ्या विज्ञानाला उन्हं दाखवायची.

तुझ्या खोलीत चिठ्ठीशिवाय वस्तू नसे. चिठ्ठीवर तीन ओळी: नमुना, ठेवला, उघडायचा. काकीच्या लोणच्याच्या बरणीलासुद्धा तू चिठ्ठी लावली होतीस. "नमुना: कैरी. उघडायचा: पाहुणे आले की." कोपऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या बरणीवर मात्र तिसरी ओळ अशी होती: "उघडायचा: आठ वर्षांनी, मी."

आणीबाणी उठल्यानंतरची ती थंडी. तू दहा दिवस दक्षिणेतल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत यंत्र वापरायला गेलास. किल्ली काकीकडे दिलीस आणि मला म्हणालास, "भाल्या, खोलीत मांजर शिरत नाही ना, तेवढं बघत जा."

मांजर शिरलं, जनू. पायात कोल्हापुरी घालून.

मी त्या वर्षी राजा होतो. तालुक्याच्या कचेरीत बारा महिने कारकून, पण जत्रेच्या आठवड्यात महाराज. आणि आपल्या मंडळाच्या मुकुटाला रत्नं म्हणून काय, तर गोळ्यांचे चमकीचे कागद. नव्या नाटकात माझ्या तोंडी एक दणदणीत वाक्य होतं, "या मुकुटातलं रत्न कधी खोटं बोलत नाही!" ते वाक्य गोळ्यांच्या कागदाखाली उभं राहून बोलायचं? मला तुझे मणी आठवले. खुंटीवरची किल्ली घेतली. रोजच्या बरण्यांतले मणी जांभळट पडले होते, शनिवार जवळ आलेला. मोठ्या बरणीतले मात्र असे निळे, की अंधारातही दिसावेत.

झाकण जड होतं. काठाला ग्रीस. सरकवलं तेव्हा बारीक आवाज झाला, कुणीतरी पुष्कळ दिवस रोखलेला श्वास सोडावा तसा. प्रत्यक्षात श्वास आत गेला होता. ते मला फार पुढे कळलं. मी जाळी उचलून तळचे मूठभर मणी, होते तेवढे सगळे, घेतले आणि झाकण ठेवलं. नुसतं ठेवलं. ते फिरवून, दाबून बसवायचं असतं हे मला कुठे ठाऊक? तीन दिवस ती बरणी तशीच श्वास घेत राहिली.

विजेचा भरवसा नव्हता म्हणून मंडळाने दुपारी चारलाच पडदा वर केला. समुद्राचा वारा सुटलेला, आणि मी जरीच्या अंगरख्यात घामाने निथळत होतो. मणी मी डिंकाने आणि सोनेरी पुडीने मुकुटावर बसवले होते. पहिल्या अंकात लोकांनी नुसता मुकुट बघून टाळ्या दिल्या. दुसऱ्या अंकात मी छाती काढून गरजलो, "या मुकुटातलं रत्न कधी खोटं बोलत नाही!" आणि समोर खसखस पिकली. मला कळेना. प्रधान पास्कू माझ्या कपाळाकडे बघत डोळे विस्फारून उभा, आणि मग हात जोडून म्हणाला, "महाराज, आपलं बोलणं ऐकून रत्नंसुद्धा लाजली!"

मुकुट गुलाबी झाला होता.

जत्रेला पुढे कित्येक वर्षं तो किस्सा पुरला, तू असलास की मी विषय बदलायचो. पण त्या हसणाऱ्या गर्दीत बायकांच्या पहिल्या रांगेत एक तोंड हसत नव्हतं. काकी. आख्ख्या मांडवात ते गुलाबी काय आहे हे ओळखणारी एकटी तीच होती. पदर तोंडाशी धरून ती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बागेत गेली असेल असा बेत धरून मी तुमच्या चुलीशी बसलो. मणी धुतले, तव्यावर टाकले, जाळ चांगला वर काढला. दारात सावली पडली.

"जाळ कमी कर," काकी म्हणाली. "जास्ती भाजलंस तर काळे पडतील."

ती शेजारी उकिडवी बसली. माझ्या हातातला कालथा घेतला आणि मणी हलवू लागली. हळूहळू ते निळे झाले. एक मात्र अर्धा सोनेरी राहिला, डिंक आणि पुडी सुटेचना. तो चिमट्याने उचलून तिने पदराच्या टोकाला बांधला. "ह्यो कामाचा नाय." मग माझ्याकडे न बघता, "जनूला सांगशील ना?"

"सांगेन ना, काकी. आल्या आल्या."

"तूच सांग. मी नाय सांगायची. तुझ्या तोंडचं हाय, तुझ्याच तोंडातना येऊ दे."

तू आलास. पिशवी टाकलीस, पाय न धुता आधी खोलीत गेलास. मी दारात उभा होतो, शब्द ओठावर होते, अगदी पाठ करून आलो होतो, विनोदी सुरुवात वगैरे ठरवून. तू वाकून मोठ्या बरणीत बघितलंस. मणी निळे होते. झाकण मी एव्हाना दाबून बसवलं होतं.

"शाबास," तू म्हणालास. "मांजर शिरलं नाही."

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. एक शब्द. बाहेरून काहीसुद्धा कळत नव्हतं.

पुढे आठ वर्षं पुरी झाली आणि तू बरणी उघडलीस. तो महिना आठवतो? तू दाढी केली नव्हतीस. रोज मोजायचास, पुन्हा मोजायचास. मग एका रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन आलास. जुनी काच आवरत जाते, घट्ट होते, असं सगळं जग म्हणत होतं. तुझी काच उलटी निघाली. ती सैल झाली होती, कमी आचेवरच मऊ पडत होती. "म्हातारपणी सैल होणारी काच!" तू मला धरून गदागदा हलवलंस. "भाल्या, हे कुणीच बघितलेलं नाही रे!"

काकीने माझ्या तळहातावर पेढा ठेवला आणि हात सोडला नाही. "सांगितलंस?"

"काकी, आज नको. आज त्याचा दिवस आहे."

"मग उद्या," ती म्हणाली.

उद्या तू निबंध लिहायला बसलास. परवा तो टपालात पडला. आणि जनू, तेव्हा तरी मला पुरतं समजत होतं का? मणी निळे होते ना! मी स्वतःला तेच सांगत होतो. साक्षीदाराला भाजून, धुऊन, निळा करून मी परत जागेवर बसवलं होतं, आणि मग त्याचीच साक्ष काढत होतो. गंमत बघ, इतकी वर्षं खोटं बोलून टाळ्या घेणारा नट मी, आणि माझ्याहून सराईत नट तुझ्या बरणीच्या तळाशी बसला होता.

परिषदेत काय झालं ते तू एकदाच सांगितलंस. लोक ऐकत होते, माना हलवत होते, आणि शेवटी एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने अगदी मऊ आवाजात एकच प्रश्न विचारला, "ओल तपासली होती का?" त्याच्या माणसांनी तोच प्रयोग करून पाहिला होता, त्यांची काच सैल झाली नव्हती. तू परत आलास, उरलेले नमुने तपासले. पाणी निघालं. चिमूटभर, पण निघालं. निबंध मागे घ्यायचं पत्र तू स्वतः लिहिलंस. मी वाचलंय ते. कुणावर ढकललेलं नव्हतं. "नमुन्यांची निगा राखण्यात माझी चूक झाली," असं होतं.

पण घरात तुला कारण हवं होतं.

त्या सकाळी मी तुमच्या झोपाळ्यावर चहा पीत होतो. तू खोलीतून रिकामी बरणी घेऊन आलास. काकीशी तू नेहमी घरच्या बोलीत बोलायचास. त्या दिवशी पुस्तकी मराठीत बोललास.

"आई, ही बरणी तू उघडली होतीस का?"

काकीने तुझ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. झोपाळ्याची कडी करकरत होती, मी पायाने तो थांबवला. ती वाट बघत होती, जनू. तूही बघत होतास, तुला ठाऊक नव्हतं एवढंच. मी कपातली साय बोटाने बाजूला केली.

"उघडली असेल रे," काकी म्हणाली. "मणी भाजायला. ध्यानात नाय."

"ध्यानात नाही? आठ वर्षं, आई! तुला सांगितलं होतं, त्या बरणीला हात नको. एक वस्तू कोरडी ठेवता आली नाही तुला?"

एक वस्तू कोरडी ठेवता आली नाही. हे कुणाला, तर काकीला. तू हात पुढे केलास, तिने कमरेची किल्ली काढून दिली. मी चहा संपवला. संपवला, जनू. गार झाला होता, तरी.

त्या थंडीत काकीने सुकेळी घातली नाहीत. त्यानंतरही कधी नाहीत. बायका केळी घेऊन आल्या तर म्हणायची, "आता माझ्या हाताला ओल सुटते गं." गावात तेच पसरलं. कमळाकाकीचा हात ओला झाला, लेकाचं एवढं मोठं काम तिने भिजवलं. मी ते कट्ट्यावर ऐकलं, आणि विषय बदलायला एक किस्सा सांगितला. लोक हसले.

काकीने मला पुन्हा कधी विचारलं नाही. मी गेलो की चहा द्यायची, पूर्वीसारखाच. साखर मात्र कधी विसरली नाही. विसरली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी ती गेली, आणि मला वाटलं, सुटलो. असं वाटलं होतं मला. लिहून ठेवतो.

तू काचेचं काम सोडलंस. संस्थेत शिकवायचास, आणि इथे विहिरी तपासायचास. तेव्हाच ते सुरू झालं होतं, टँकर भरून भरून आपल्या बागांचं पाणी बाहेर जायला लागलं आणि खालून समुद्र आत यायला लागला. वटारचे, गासचे, कळंबचे लोक बाटल्यांतून पाणी आणायचे, तू चिठ्ठी लावायचास, मीठ मोजायचास. एकदा एक बागायतदार तुला गयावया करून म्हणाला, "डॉक्टर, चारचौघांत नको सांगू. बाग विकायला काढलीय."

"खारं ते खारं, काका," तू म्हणालास. "मी नाही सांगितलं म्हणून गोड होणार नाही."

मी हसलो. तू माझ्याकडे बघितलंस. जरा जास्तच वेळ. तेव्हा मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

काकी गेल्यावर दर रविवारी मी यायचो आणि तू पहिला प्रश्न विचारायचास, "मग? नवीन काय सांगतोस?" पूर्वी असं विचारायचा नाहीस. मी खूश व्हायचो. राजाला दरबार मिळाला! आठवडाभर किस्से जमवून आणायचो. तू ऐकायचास, शेवटी हसायचास, पण हसण्याआधी एक क्षण थांबायचास. मी नट आहे, प्रेक्षकाचा तो क्षण मला कळतो. अजून काहीतरी येणार आहे असं ज्याला वाटतं, तो तसा थांबतो. एकदा पास्कूने तुझ्यासमोरच रत्नं लाजल्याचा किस्सा रंगवून सांगितला. मी घाईघाईने म्हटलं, "जत्रेतले मणी रे, रंग कच्चा होता." तू म्हणालास, "हो का?" आणि वहिनींना सांगितलंस, अजून एक चहा टाक.

शेवटच्या आठवड्यात तुला घरी आणलं होतं. तू उशीला टेकून होतास, श्वास मोजून घ्यायचास. मला म्हणालास, "भाल्या, सांग काहीतरी."

मी मिशी गळून पडलेल्या सेनापतीचा किस्सा सांगितला.

"हा ऐकलाय. दुसरा सांग."

मी पास्कूच्या म्हशीचा सांगितला.

"हापण ऐकलाय." तू डोळे मिटलेस. "न ऐकलेला सांग की एखादा."

मी पुष्कळ आठवलं, जनू. खरंच आठवलं. सगळे किस्से डोळ्यांपुढून गेले आणि तो एक मागे उभा राहिला, गुलाबी मुकुट घालून. मी म्हणालो, "आता संपले रे."

"बरं," तू म्हणालास. "राहू दे."

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी वहिनींकडे गेलो. बाटली पुढे ठेवली आणि विचारलं, हे कुठलं? वहिनी शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "आईंच्या ट्रंकेत सापडलं होतं, त्या गेल्या तेव्हा. सुकेळ्याच्या वाळक्या पानात बांधून ठेवलेलं. यांनी उघडून बघितलं आणि दिवसभर त्या केळ्यांच्या खोलीत बसून राहिले. जेवले नाहीत. संध्याकाळी बाहेर आले आणि म्हणाले, उद्या रविवार, भाल्या येईल, पोहे कर."

"काही बोलला नाही?"

"मी विचारलं, काय आहे ते बाटलीत. म्हणाले, प्रयोग आहे, चालू आहे अजून."

त्या रविवारचे पोहे मला आठवतात. मी दोनदा मागून घेतले होते.

आता चिठ्ठी. बाटलीत एक मणी आहे, काकीच्या पदरातला, अर्धा सोनेरी, अर्धा फिकट गुलाबी. आपल्या मुकुटांची ती सोनेरी पुडी तू ओळखणारच. वर तुझ्या त्याच तीन ओळी.

नमुना: भाल्या.

ठेवला: आई गेली त्या महिन्यात.

उघडायचा: तो स्वतः उघडेल तेव्हा.

मी हे आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत छापायला देतोय. जत्रेला ती घरोघरी जाते, चर्चमागच्या वाडीतसुद्धा. पास्कूला आधी वाचून दाखवलं. माझा प्रधान असून तो उठला आणि पायरी उतरून निघून गेला. जाऊ दे. गावाने वाचावं म्हणून पुन्हा साध्या शब्दांत लिहितो, किस्सा न करता. डॉक्टर जनार्दनची मोठी बरणी मी उघडली होती. कमळाकाकीने नाही. तिच्या हाताला कधी ओल नव्हती. तिच्यासमोर तिच्या मुलाने विचारलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो.

तुझी काच आवरत गेली असती, जनू. जग म्हणत होतं तशीच. तुला ते मोजायला मिळालं असतं. आणि ज्याने तुझं ते सगळं भिजवलं त्याला तू दर रविवारी समोर बसवून पोहे खाऊ घातलेस. याला उपकार म्हणू की शिक्षा, हे मला ठरवता येत नाही. तुलाही ठरवायचं नसावं. तू नुसतं बघत होतास, वर्षानुवर्षं, हे आतल्या आत हलतंय का.

आज सकाळी मी बाटलीचं बूच काढलं. घरातला जुना तवा चुलीवर ठेवला आणि मणी त्यावर टाकला. काकीने सांगितलं होतं तसा जाळ कमी ठेवला. सोनेरी बाजू तशीच राहिली. दुसरी बाजू आधी जांभळी झाली, मग हळूहळू निळी, अगदी तुझ्या बरणीतल्यासारखी.

मणी निळा झाला म्हणजे आतली ओल गेली, असं मात्र कुणी समजू नये. ते मी एकदा करून पाहिलेलं आहे.